वाऱ्यावर न आलेली अळी

माझी नोकरी काय, असं गावात कुणी विचारलं की मी तोंड उघडायच्या आत आई सांगून मोकळी व्हायची, "ती किड्यांचं भविष्य सांगती." ऐकणारे हसायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण खरं सांगायचं तर आई काही चुकीचं सांगत नव्हती. परमुलखातून आलेली कीड आज या गावात आहे, तर पुढच्या पंधरवड्यात ती कुठं पोचेल, याचं गणित मांडायचं, एवढंच माझं काम. वारा कोणीकडून वाहतो, रात्री उकाडा किती, मका कुठं कुठं उभा आहे, हे सगळं कॉम्प्युटरला भरवायचं आणि त्यानं रंगवलेला नकाशा वरच्या साहेबांना द्यायचा. लाल म्हणजे कीड आली, पिवळं म्हणजे येणार, पांढरं म्हणजे सध्या खुशाल झोपा.

ती कीड म्हणजे लष्करी अळी. समुद्रापलीकडून आलेली, त्या वर्षी आपल्याकडे अगदी नवी. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चार ठिपके चौकोनात. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ती शिरते आणि आतून कुरतडून सगळ्याचा भुसा करते. तिचा पतंग एका रात्रीत कितीतरी गावं ओलांडतो. आणि जात अशी की एका पोंग्यात दोघी आल्या तर मोठी धाकटीला खाते. माझ्या गणितात त्यासाठी वेगळी ओळ होती. जन्मतात तितक्या अळ्या धरायच्या नाहीत, एकमेकींना खाऊन उरतील तितक्याच धरायच्या. ही ओळ लिहिताना मला काहीही वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात नकाशा खरा ठरतो का हे बघायला मी जिल्हाभर फिरत होते, आणि मुक्काम घरीच ठेवला होता. आमचं गाव युसूफ वडगाव आणि नांदूरघाट यांच्या मधल्या माळावरचं. पाऊस आदल्या वर्षीच पाठ फिरवून गेला होता. दूध संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी उघडली होती आणि हिरव्या जाळीच्या सावलीत सगळ्या गावाची जनावरं दावणीला होती. चाऱ्याचा ट्रक पश्चिमेकडच्या पाणीवाल्या मुलखातून हिरवा मका घेऊन यायचा, पण त्याचा भरवसा नव्हता. म्हणून संस्थेनं एक शहाणपणाचं काम केलं. आमच्या विहिरीच्या तळाला थोडं पाणी टिकलं होतं. दादानं विहीर आणि चार एकर रान दिलं, संस्थेनं बी आणि ठिबकच्या नळ्या दिल्या, आणि छावणीसाठी मका उभा केला. ट्रक बंद पडला तरी पाऊस येईपर्यंत या मक्यावर जनावरं काढायची होती. मका गेला तर छावणी मोडणार, आणि छावणी मोडली की जनावरं बाजारात न्यावी लागणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तशा वर्षात बाजारात नेलेलं जनावर कोण घेतं आणि कशाला घेतं, हेही ठाऊक होतं.

दादा माझ्याहून बराच मोठा, वडलांच्या जागी. डोकं गरम, हात त्याहून गरम. पण त्या मक्यापुढं त्याचा आवाज खाली यायचा. ठिबकचं पाणी उन्हानं उडून जाऊ नये म्हणून तो छावणीतून चघळ आणायचा. जनावरं खाऊन जे टाकतात, जाड बुडखे, चावलेली पानं, वाळलेले शेंडे, ते चघळ. गाडी भरभरून आणून तो मक्याच्या ओळींमधे अंथरायचा. फुकटचं, जमीन गार राहते, पुढं खत होतं. निम्म्या रानात अंथरून झालं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून तो दाखवायचा, "हात लावून बघा खाली. फ्रिजावानी हाय."

आमच्या बांधाला बांध असलेला शेजारी ऊसतोडीला जायचा. तो आणि दादा एका वयाचे, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. दिवाळीनंतर नवरा-बायको टोळीत जायची, अशा जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात, आणि उन्हाळा लागल्यावर परतायची. कारखान्यावर उसाचे वाढे, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, तोडणाऱ्याच्या हक्काचे असतात. शेवटच्या दिवशीच्या वाढ्याच्या मोळ्या ही माणसं गाडीवर लादून गावी आणतात आणि वानवळा म्हणून घरोघरच्या गोठ्यात एकेक टाकतात. त्या वर्षीही त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणायचे, सकाळी सकाळी मोळी डोक्यावर घेऊन आमच्या दारात आली होती. आमच्या गाईनं ती मोळी अशी ओढून खाल्ली की दावं तुटायची वेळ आली. दादा कौतुकानं बघत उभा होता.

माझ्या नकाशावर आमचं गाव पांढरं होतं. वारा नैर्ऋत्येचा, खालच्या अंगाच्या मक्याच्या पट्ट्यात अळी अजून दिसलेली नाही, तेव्हा पाऊस पडेपर्यंत धोका कमी, असं कॉम्प्युटर म्हणत होता. संस्थेच्या चेअरमनला हे कळल्यावर त्यानं नकाशा छावणीच्या खांबाला लटकवला. चेअरमन कडक इस्त्रीतला, नाकानं कांदे सोलणारा माणूस. जो तो येऊन आपलं पांढरं गाव बघून जायचा.

आणि मग एका सकाळी दादानं मला रानातून हाका मारल्या. मी गेले तेव्हा तो ओळीत गुडघ्यावर बसला होता. समोरच्या मक्याच्या पानांना खिडक्या पडल्या होत्या, पोंग्यातून ओला भुसा वर आला होता. मी पोंगा उकलला. आत ती होती, करंगळीएवढी, उलटा वाय स्पष्ट. शेजारच्या पोंग्यात एक होती आणि तिच्या तोंडात दुसरीचं अर्धं अंग होतं.

दादानं ती माझ्या बोटांतून घेतली आणि दोन ढेकळांत घालून रगडली. मग दुसरी. मग तो ओळीनं सुटला. पोंगा फाडायचा, अळी काढायची, चिरडायची. गावातली माणसं आली, बाया आल्या. कुणी पोंग्यात माती भरत होतं, कुणी चिमटीनं अळी ओढून दगडावर ठेचत होतं. सगळ्यांची बोटं हिरव्या-काळ्या चिकटानं माखली. अळी मारायला कुणाला शिकवावं लागत नाही, पण त्या दिवशी माणसं जशी मारत होती ते मला बघवेना. मेलेल्या अळीला चपलेनं पुन्हा पुन्हा घासत होती. एक म्हातारा तर प्रत्येक अळीला शिवी देत होता, माणसाला देतात तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी भुसा पुन्हा वर आलेला होता.

छावणीत सगळे जमले. चेअरमननं खांबावरचा नकाशा काढून माझ्यापुढं धरला. "मॅडम, हे पांढरं कशाचं? सफेदीचं?" लोक हसले नाहीत. मी म्हणाले, "वाऱ्यानं आलेली नाही ही. वाऱ्यानं आली असती तर खालच्या गावांत आधी दिसली असती. दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं आली. कोणत्या ते मला दोन दिवस बघू द्या."

"बघायला कशाला पायजे?" मागून कुणीतरी म्हणालं. "ऊसवाल्यांनी आनली. वाढ्यातनं. तिकडं उसावर बी पडली हाय म्हणं ही."

एवढंच वाक्य. मला आजही वाटतं की त्या माणसाच्या तोंडावर हात दाबला असता तर पुढचं टळलं असतं. पण मंडपातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं झालं. इतके दिवस पाऊस, उन्हाळा, सरकार, यांतलं कुणी हाताला लागत नव्हतं. आता कुणीतरी लागलं.

"तुमच्या सगळ्यांच्या गाईंनी खाल्लेत ते वाढे," मी ओरडले. "इथं बसलेल्या कुणाच्या घरी मोळी आली न्हाई, सांगा."

चेअरमन शांतपणे म्हणाला, "तोडीवाल्यांची जनावरं छावणीतनं भाईर काढा. आन् त्येंच्या वस्तीवर वाढ्याची गंज हाय, ती आजच्या आज जाळायची. माझ्या एकट्याचं न्हाई, संस्थेच्या जिवाचं हाय हे."

दादा सगळ्यात आधी उठला. मी त्याचा दंड धरला, तर त्यानं मला असं झटकलं की मी दावणीवर जाऊन पडले.

तोडीवाल्यांची वस्ती गावाच्या कडेला, आमच्या बांधापलीकडे. गेले तेव्हा कुणी मारायचं असं ठरवून गेलं नव्हतं, असं नंतर सगळे सांगत होते. मग हातात दांडकी कशाला घेतली होती, हे कुणी सांगितलं नाही. वाळलेल्या वाढ्याची गंज बांधशेजाऱ्याच्या खोपटाला लागून होती. कुणीतरी काडी लावली. वाळकं ते, भकाकलं. खोपटाचं पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचं, छप्पर पेटणार म्हणून तो आतून कोयता घेऊन धावला आणि छप्पर आणि गंज यांच्या मधलं पाचट सपासप तोडायला लागला. मी शपथेवर सांगते, तो छप्पर वाचवत होता. पण जमावाला फक्त हातातला कोयता दिसला.

"कोयता टाक बे," दादा म्हणाला.

"घर जळंल माजं. सरक."

"टाक म्हणतो न्हवं."

"तू बी यायलास व्हय ह्येंच्यात?" तो वळून म्हणाला, आणि वळताना कोयता हातात वरच होता. दादानं फावड्याचा दांडा त्याच्या मनगटावर घातला. पहिल्या घावाला कोयता पडला. दादानं दुसरा घातला. त्याची काही गरज नव्हती. हाडाचा आवाज मी ऐकला, आणि तसा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही, विसरायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. मग बाकीचे तुटून पडले. लाथा, दांडकी, दगड. वहिनी त्याच्या अंगावर आडवी पडली, तर दोघांनी तिला केसाला धरून ओढलं. मी एकाच्या हाताला कडकडून चावले. माझ्या तोंडात रक्त आलं आणि ते कुणाचं होतं हे मला कळलं नाही. मी पुन्हा चावले.

छप्पर गेलं. तोपर्यंत माणसं दमली होती. दमली म्हणून थांबली, दुसरं काही कारण नव्हतं.

मी आणि वहिनी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. जीपमधे तो मोडका हात मांडीवर घेऊन बसला होता, आणि जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत होता. पोलीस विचारायला आले तेव्हा म्हणाला, छप्पर पेटलं, विझवताना पडलो. मी संतापले. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू जाशील परत तुज्या नोकरीला. आमाला तितंच ऱ्हायचंय." तिच्या बैलांची जोडी तोवर छावणीबाहेर काढली गेली होती, उन्हात, बाभळीला बांधलेली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी मक्यात शिरले. रागानं शिरले. या गावाला खोटं पाडायचं होतं, आणि त्यासाठी मला कॉम्प्युटर नको होता, डोळे पुरे होते. पतंग उडत येऊन अंडी घालतो तेव्हा नुकसान रानभर विखुरलेलं दिसतं, मूठभर दाणे फेकावेत तसं. इथं तसं नव्हतं. निम्मं रान खाऊन चाळण झालं होतं आणि उरलेलं निम्मं जवळपास धड होतं. मधली सीमा अशी सरळ की दोरी लावून आखावी. मी त्या सीमेवर उभी राहून खाली बघितलं. माझ्या डाव्या पायाखाली चघळ होतं आणि उजव्या पायाखाली उघडी माती.

मी चघळ उपसलं. पश्चिमेकडून आलेल्या मक्याचे शेंडे, गाईंनी न खाल्लेले. एका वाळक्या पोंग्यात मेलेली अळी सापडली, दुसऱ्यात जिवंत. खालच्या ओल्या मातीत तांबडे कोष. ट्रकमधून छावणीत, दावणीवरून चघळात, चघळातून गाडीनं या रानात. वाऱ्याचा काही संबंध नव्हता, वाढ्याचाही नव्हता.

तरी मी फोन लावले. नांदूरघाटाकडच्या एका गावात, जिथं आमच्याच ट्रकचा चारा जातो, छावणीलगतच्या मक्यात अळी निघाली होती. उमापूरकडे, जिथं घरटी तोडीवाले आहेत, वाढे घरोघर आले आहेत पण त्या ट्रकचा चारा गेलेला नाही, तिथल्या मक्यावर एकही नव्हती. वाढ्यात ती कधीच येत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे मात्र ती वाढ्यातून आली नव्हती.

दादा विहिरीवर होता. मी त्याला ओढत सीमेवर आणलं आणि दाखवलं. डावीकडं बघ, उजवीकडं बघ, खाली बघ. त्यानं पायानं चघळ चाळवलं. मग म्हणाला, "खोटं हाय."

"तुझ्या हातानं आणलीस तू. गाडीगाडीनं. आणि त्याचा हात मोडलास."

त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी ढेकूळ उचलून त्याच्या छातीत मारलं, मग दुसरं मारलं. तो नुसता उभा होता. मग तो मक्यावरच तुटून पडला, मुळासकट उपटायला लागला, चघळ लाथेनं उडवायला लागला, आणि त्याच्या तोंडातून जो आवाज येत होता तो रडण्याचा होता की शिवीचा, ते मला ठरवता येईना. मला त्याची दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, भाऊ होता माझा.

पण वेळ नव्हता. मोठ्या झालेल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि काही दिवसांत पतंग होऊन निघतात. मी गणित पुन्हा मांडलं, या वेळी आमचं गाव लाल धरून. वारा होता तोच. पतंग उडाले की युसूफ वडगावापर्यंतचा हिरवा तुकडा न् तुकडा जाणार होता, आणि तशा प्रत्येक तुकड्यावर कुणाची ना कुणाची छावणी जगत होती. एकच उपाय होता. सगळा मका, खाल्लेला आणि धड, लगोलग तोडायचा, कुट्टीच्या यंत्रातून बारीक करायचा म्हणजे पोंग्यातल्या अळ्याही चिरल्या जातील, आणि खड्ड्यात दाबून प्लास्टिकनं झाकून मुरघास करायचा. मागोमाग रान नांगरून कोष उन्हात टाकायचे. मुरघास जनावरं खातात, आणि तो टिकतो. छावणी वाचली असती. फक्त चार एकर मका दोन दिवसांत आडवा व्हायला हवा होता.

चेअरमनला मी सगळं दाखवलं. ट्रक त्याच्या मेव्हण्याचा होता. तो म्हणाला, "ट्रकचं नाव काडू नका मॅडम, मुरघासाचं बघतो मी. माणसं कुटं हायत पन एवडी? आमच्या लोकाला इळ्यानं आठ दिस लागतील."

माणसं होती. बांधापलीकडे होती. दिवसभर वाकून, उभ्या उसाला आडवं करायची सवय असलेली, अख्खी वस्ती. जिथं कालची राख अजून गरम होती.

चेअरमन गेला नाही. दादा गेला, मीही त्याच्यामागं गेले. तो जळक्या खोपटापुढं जाऊन उभा राहिला. शेवटी मीच सांगितलं, अळी कुठून आली तेही आणि आता काय पाहिजे तेही. वस्तीवरची माणसं ऐकत होती. एक म्हातारा थुंकला. एकानं कोयता उचलला तेव्हा मला वाटलं, आता दादाचं काही खरं नाही, आणि माझ्या मनात आलं की असू दे.

वहिनी पुढं आली. "बैल आदी छावनीत बांदा. आमच्या समद्यांची जनावरं. मंग येतो."

"आत्ता बांधतो," दादा म्हणाला.

"आन् कोयता जोडीनं चालतो. माज्या जोडीचा कोयता रिकामा झालाय. त्यो तुमी धरा."

तिनं राखेतून उचललेला, दांडा अर्धा जळालेला कोयता त्याच्यापुढं टाकला. त्यानं तो उचलला.

दोन दिवस ती माणसं मक्यात होती. मी मका तोडताना पुष्कळ बघितला आहे, पण तसा नाही. बुडाशी एक घाव, शेंडा खाली, पुढचं पाऊल. पोंग्यातून अळ्या गळून त्यांच्या मानेवर, पाठीवर पडत होत्या आणि ते त्या झटकतही नव्हते. दादा वहिनीच्या ओळीत होता आणि सगळ्यांच्या मागं पडत होता. तळव्यांना फोड आले, फुटले, दांडा लाल झाला. एकदा कोयता उसळून त्याच्या नडगीवर बसला. वहिनीनं मागं वळून बघितलं, "चला, ओळ ऱ्हायली," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधशेजारी बांधावर येऊन बसला, हात प्लास्टरमधे, गळ्यात अडकवलेला. दादा त्याच्यासमोर गेला. कोयता खाली ठेवून म्हणाला, "चुकलं माजं. वाटंल ते कर मला."

"काय करू?" तो म्हणाला. "हात कुटं हाय करायला?"

दादा खाली बसला.

"पाऊस पडल्यावर माजं रान कोन पेरंल?"

"मी पेरतो. तुजं आदी पेरतो, मंग माजं."

"आन् दिवाळीनंतर?"

दादानं कोयता उचलला आणि राहिलेल्या ओळीत शिरला. कुट्टीचं यंत्र चालूच होतं.

मुरघास साधला. रान नांगरलं, कोष उन्हानं मेले. छावणी पाऊस येईपर्यंत चालली आणि गावातलं एकही जनावर बाजारात गेलं नाही. आमच्या गावातून पतंग उडाले नाहीत, निदान माझ्या नकाशाला कळेल इतके तरी नाहीत. संस्थेच्या सभेत चेअरमननं त्याबद्दल स्वतःचा सत्कार करून घेतला. पुढं पावसाळ्यात अळी खरंच वाऱ्यावर आली, सगळीकडेच आली, पण ती वेगळी गोष्ट. माझ्या गणितात मी चाऱ्याच्या ट्रकांचे रस्ते घातले. साहेबांनी विचारलं, हे कुठून सुचलं. मी म्हणाले, फिरतीवर.

दादानं शब्द पाळला, शेजाऱ्याचं रान आधी पेरलं. पण मनगटातलं हाड दोन ठिकाणी फुटलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा हात होता, मूठ नव्हती. बोटं मिटायची पण धरायची नाहीत.

दिवाळीला मी घरी आले होते. सकाळी परसात गेले तर दादा बांधावर उभा दिसला, पलीकडे बघत. पलीकडे वहिनी नवऱ्याच्या उजव्या मनगटाला कोयता बांधत होती. लुगड्याच्या पट्टीनं, दांड्याभोवती आणि मनगटाभोवती घट्ट गुंडाळून, दातानं गाठ ओढून. मग तो उठला आणि ज्वारीच्या धाटांवर हात चालवून बघू लागला. पहिलं धाट तुटलं नाही, नुसतं वाकलं. तिनं पट्टी सोडून पुन्हा आवळली.

दादा बांध ओलांडून गेला. "मी येतो टोळीत. तुज्या जागी मी येतो."

तो धाट तोडत राहिला. "तू आलास तर तुजी बायको येईल का संगं, फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हायाला? तुजं रान कोन बगंल? चार दिसांत परत येशील बे तू." त्याच्या आवाजात रागही नव्हता. मनगटाच्या वर, पट्टी जिथं रुतत होती तिथं, कातडी निळी पडली होती. वहिनी दादाला म्हणाली, "जरा सरकून उबं ऱ्हावा भाऊजी, हात अजून नीट वळत न्हाई त्येंचा. लागंल तुमाला."

दादा सरकला.

दोन दिवसांनी टोळीचा ट्रॅक्टर गेला. त्या दिवशी दादा जेवला नाही, आणि मी त्याला जेव म्हटलं नाही.